नामवंत कंपनीचा खरा इतिहास

नामू,

परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी बोललो. न बोलून कसं चालणार? माईक दिसला की माझा घसा आपोआप साफ होतो, हे तू वीसेक वर्षं पाहिलंस. वंदना झाली, भन्तेजी बोलले, इंदोऱ्यातल्या तुझ्या गल्लीतले दोन वडीलधारे हात जोडून चार शब्द सांगून बसले. मग कोणीतरी म्हणालं, ‘आता नामदेवरावांचे पार्टनर कंपनीबद्दल सांगतील.’ मी उठलो, कोटाचं बटण लावलं आणि मांडव खिशात घातला.

‘आमच्या कंपनीत तोंड माझं आणि हात नामूचे,’ अशी सुरुवात केली. टायपरायटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळा इतिहास सांगितला. शेवटी सगळ्यांच्या आवडीची ‘नामूची सेलोटेप’ ही गोष्ट सांगितली, तू फ्लॉपीला टेप लावून फसलास ती. तुझा आवाज काढून. डोळ्यांत पाणी असलेली माणसं हसली. पांढऱ्या साडीत समोर बसलेल्या सुशीलावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत, पण मी ते त्यांच्या दुःखाच्या खात्यावर टाकलं आणि खाली बसलो. वाटलं, मित्राला झकास निरोप दिला.

चहाच्या वेळी नंदा जवळ आली. तुझी थोरली. तुझ्यासारखीच बोलायच्या आधी जरा थांबते.

‘काका, एक विचारू? बाबा सेलोटेप कधी लावत होते?’

‘म्हणजे?’

‘आमच्या घरात सेलोटेप नसतेच ना. वह्यांले कव्हर घालायचं असलं तं बाबा खळ शिजवून द्यायचे. टेपचा डिंक मशीनले लागते म्हणायचे. मंग त्यायनं फ्लॉपीले काहून लावली?’

‘घाईत लावली असंन वं,’ मी म्हणालो.

‘असंन,’ ती म्हणाली आणि कपबशा गोळा करायला गेली. तिनं माझं ऐकलं, नामू. माझ्यावर विश्वास ठेवला आणि बापाबद्दलचं स्वतःचं मत थोडं खाली आणलं. ते मला तिच्या पाठीवरून दिसलं. म्हणून हे लिहायला बसलोय. तुला लिहितोय खरं, पण ती वाचणार आहे आणि आपले ग्राहकही वाचतील. त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार आहे. कंटाळलास तर नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून बस.

आपण भेटलो ‘र’ अक्षरामुळे. मी नागपुरात सीताबर्डीच्या एका टायपिंग क्लासमध्ये मास्तर होतो आणि क्लासच्या मराठी मशीनचा ‘र’ वर जाऊन तिथेच अडकत होता. सायकलला मशीन बांधून मी दुरुस्तीच्या दुकानात आलो. तू खाली मान घालून बसला होतास. मशीन बघितलंस, मला बघितलं नाहीस.

‘र नाही अटकला,’ तू म्हणालास. ‘पोरी एका टायमाले दोन बटनं दाबून राहिल्या. तुमी मास्तर हा का?’

‘हो.’

‘मंग शिकवा ना.’

मला कोणी इतक्या थोडक्यात चीत केलं नव्हतं. दोन वर्षांनी मी तुला त्या दुकानातून उठवलं आणि रामदासपेठेत एका औषधांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. नाव मी शोधलं. तुझ्या नामदेवमधलं ‘नाम’, माझ्या वसंतमधलं शेवटचं ‘वंत’ जरा ओढूनताणून, आणि झाली ‘नामवंत ऑफिस मशीन्स’. तू म्हणालास, ‘वसंतामध्ये वंत कुठी हाय गा?’ मी म्हणालो, कंपनी म्हटली की थोडं फुगवून सांगावं लागतं. तू फलकाकडे पाहिलंस आणि म्हणालास, ‘फुगव. पन खोटं नको बोलू.’ कंपनीचा पहिला आणि शेवटचा लेखी नसलेला नियम तो.

टायपरायटर गेले नाहीत तोवर कॅल्क्युलेटर आले, ते मोडायला शिकले नाहीत तोवर कॉम्प्युटर आले. तू, चाळिशी ओलांडलेला माणूस, मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, इंग्रजी मॅन्युअलच्या झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलास. शब्द अडला की मला विचारायचास. मला अर्थ येत नसला तरी मी सांगायचो. आठवड्यानं तू यायचास. ‘वसंता, तू सांगतला तो अर्थ लावला तं मशीन बंद पडते. दुसरा सांग.’

मग ते आलं. ऑफिसांतल्या फ्लॉप्यांची नावं आपोआप बदलायला लागली. कामं रखडायला लागली, लिहिलेली पत्रं उघडेनात. त्याला व्हायरस म्हणतात, हे आपल्याला एका मासिकातून कळलं. एका बाईंनी तर मशीनला हात लावल्यावर डेटॉलनं हात धुवायला सुरुवात केली होती. तू दुपारच्या दुपारी कूलरसमोर बसून फ्लॉपीच्या आतले आकडे कागदावर उतरवत होतास आणि मी ग्राहकांना टेलिफोनवर धीर देत होतो. एके दिवशी तू पेन्सिल खाली ठेवलीस. ‘सापडला. पयल्याच खोलीत बसून हाय बेटा. दारातच.’ फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात तो दडत होता. त्याला तिथून काढून जुनं सगळं जागच्या जागी लावणारा प्रोग्रॅम तू लिहिलास. नागपुरात तसं दुसऱ्या कोणी केल्याचं आपल्या ऐकिवात नव्हतं. माझी छाती तुझ्यापेक्षा जास्त फुगली.

मी लगेच फलक रंगवून घेतला: ‘येथे व्हायरस काढून मिळेल.’ आपण कुठे बसतो, याचा विचार कोण करतो? आजूबाजूला सगळे दवाखाने. तिसऱ्याच दिवशी एक माणूस तापलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन जिना चढून आला. ‘डॉक्टरसाहेब, हिचा बी काढून द्या.’ मला हसू आवरेना. तू हसला नाहीस. तू त्या पोरीला स्वतः उचललंस, समोरच्या दवाखान्यात नेलंस, तिचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसलास. परत आल्यावर रंगाचा डबा मागितलास आणि स्वतःच्या हातानं फलकावर आधी ‘कॉम्प्युटरचा’ असं लिहिलंस. परवा मांडवात ही गोष्ट मी सांगितली. तू बाकावर बसलास ते सांगायला मात्र विसरलो. हशा तिथे संपत होता ना.

प्रोग्रॅमच्या नावाचं भांडण आपलं अर्धंच राहिलं. तू म्हणालास, ‘फडा.’ मी म्हणालो, वा! आणि तुला न विचारता पाकिटावर नागाची फणा छापून आणली. तुला हवा होता आपल्याकडचा फडा, घर झाडायचा. पुण्याच्या एका ग्राहकानं नागाचं कौतुक करणारं पत्रही पाठवलं. तू ते पाकीट हातात धरून विचारलंस, ‘साप काहून काढला बे? मी केर काढाले फडा म्हनलो.’

मी म्हणालो, झाडू बरा दिसत नाही, धंद्याचं काम आहे.

‘मायी माय फड्यानं घर झाडते. तुयी बी झाडते. लाज कोनाले वाटून राहिली?’

मला वाटत होती, नामू. आता सांगतो. फडा आणि तू, हे दोन शब्द एकत्र आले की लोक काय बोलतील, याची मला तुझ्यापेक्षा जास्त धास्ती होती. मी समजत होतो, मी तुला सांभाळतोय. तू शाई काढलीस आणि दुकानातल्या एका पाकिटावरच्या नागाला खाली मूठ जोडून दिलीस. खरंच फडा दिसायला लागला तो. ते पाकीट अजून कपाटात आहे. वाद मात्र मिटला नाही, आणि आता माझ्या बाजूनं बोलायला मलाच काही सुचत नाही.

आता सेलोटेप.

फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. तिच्यावर काळी पट्टी चिकटवली की फ्लॉपीला कुलूप लागतं. मशीन तिच्यावरचं वाचू शकतं, तिच्यावर काही लिहू शकत नाही. आपली एक तपासणीची फ्लॉपी होती. ग्राहकाचं मशीन चालत नसलं की ती घालून सुरू करायची. ती गावभर फिरणार, म्हणून तिला कुलूप असायलाच हवं. ती तू बनवलीस आणि पट्टी लावायला माझ्याकडे दिलीस. काळ्या पट्ट्या संपल्या होत्या. टेबलावर माझी सेलोटेप होती. मी एक छान तुकडा कापला, नखानं दाबून बसवला. स्वच्छ, आरपार दिसणारा. आपल्या दुकानातल्या मशीनमध्ये ती खाच एक छोटी दांडी चाचपून बघायची. तिला टेप लागली, कुलूप आहे असं तिनं मानलं. आपण दोघं निश्चिंत झालो. पण कित्येक ऑफिसांतल्या मशीनमध्ये दांडी नव्हती, खाचेतून प्रकाश पलीकडे जातो का ते बघितलं जायचं. पारदर्शक टेपमधून प्रकाश जायचा. तिथे आपलं कुलूप उघडंच होतं.

पुढचं कोणालाही कळेल. एका ऑफिसात आपली फ्लॉपी आजारी पडली आणि तिथून आपण तिला घेऊन नागपूरभर फिरलो. तू फड्यानं साफ करून यायचास, आणि पुढच्या वेळी आपणच पुन्हा घाण नेऊन टाकायचो. सगळ्या फ्लॉप्या तपासल्यास तू, एक ती सोडून. तिला कुलूप होतं ना.

तू भेटींची वही उघडून बसलास तो दिवस मला नीट आठवतो. कुठल्या ऑफिसात आपण कधी गेलो आणि तिथला आजार कधी उलटला, हे तू एकाखाली एक लिहून काढलंस. मग ती फ्लॉपी घेऊन खिडकीशी गेलास. उजेडासमोर धरलीस. खाचेतून ऊन तुझ्या गालावर पडलं.

‘वसंता, हे पट्टी कोनं लावली गा?’

एवढाच प्रश्न होता. मी पन्नाशीला आलेला माणूस, ज्याला एका प्रश्नाची तीन उत्तरं देता येतात. मी म्हणालो, ‘लक्षात नाही बा.’

तू माझ्याकडे पाहिलंस. बरंच पाहिलंस. मग म्हणालास, ‘मीच लावली असंन.’

त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी तुझ्या वाक्याकडे नीट बघितलंच नाही. तू टेप वापरत नाहीस, हे परवापर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या पोरीनं सांगावं लागलं.

आपलं दुसरं भांडण तिथेच झालं. मी म्हणालो, कोणाला काही सांगायचं नाही. गुपचूप सगळीकडे जाऊ, साफ करू, पट्टी बदलू. कंपनी व्हायरस काढते म्हणून नाव आहे, तीच व्हायरस वाटते हे कळलं तर फलक उतरवावा लागेल. तू म्हणालास, ‘आपन रोग घेऊन गेलो ना? मंग सांगा लागते. नाही तं ते दुसऱ्यावर संशय घेतीन. कोन्या कारकुनाची नोकरी जाईन.’ मी दोन तास बोललो. तू ऐकून घेतलंस आणि लुनाला किक मारलीस. मीही मागे बसलो. एकटं कसं सोडणार तुला?

बहुतेकांनी समजून घेतलं. दोघांनी काम बंद केलं. रामदासपेठेतल्याच एका मोठ्या ऑफिसात आपण गेलो, आणि साहेबांनी आपल्याला समोर बसवून घेतलं. तू सगळं सांगितलंस. ‘पट्टी चुकीची लागली, माया हातून,’ असं सांगितलंस. साहेबांनी चष्मा काढला. तुझं पूर्ण नाव विचारलं, आडनावासकट. ते ऐकून जरासे मागे रेलले.

‘मला वाटलंच होतं,’ ते म्हणाले. ‘तुम्हा लोकांच्या हाती नाजूक काम दिलं की असंच होणार.’

खोलीत टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो, नामू. त्या महिन्यातले सगळे रविवार मी मोजले. ‘पट्टी याची नाही, माझी,’ एवढंच म्हणायचं होतं. मी, ज्यानं निकाल लागलेल्या मॅचचीही तासभर गोष्ट सांगितली आहे.

तू म्हणालास, ‘मशीनं किती हायेत साहेब? आज सारे साफ करून देतो.’ आणि संध्याकाळपर्यंत तिथे काम केलंस.

त्यानंतर मी काय केलं, तेही लिहितो. मी त्याची गोष्ट बनवली. ‘एवढा हुशार माणूस, पण सेलोटेपनं फसला.’ साहेबाचा भाग गाळला. ‘आम्ही दोघांनी छाती काढून कबूल केलं,’ असं आत घातलं. लग्नात, बारशात, ग्राहकांच्या चहाला मी ती सांगितली. तुझ्यासमोरही सांगितली. तू मान खाली घालून काम करत राहायचास. मला वाटायचं, लाजतोय.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू मला विचारलंस, ‘काई सांगाचं होतं का तुले?’ मी तुला त्या डेटॉलवाल्या बाईंची नक्कल करून दाखवली. तू हसलास, तुला खोकला आला, नर्सनं मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून तू हात हलवलास. पुन्हा आत जायला मिळालं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन चालेना. उठलो, स्कूटर काढली, इंदोऱ्याला गेलो.

नंदा दारातल्या ओट्यावर तुझी हत्यारं पुसून ठेवत होती. मी बसलो, सवयीनं हात पुढे केला आणि सुरू केलं, ‘नंदा, काय झालं, एकदा आमच्या काळ्या पट्ट्या...’

‘काका, गोष्ट नका सांगू. जे सांगाचं हाय ते सांगा.’

‘पट्टी मी लावली होती.’

ती पुसत राहिली. ‘बाबाले मालूम होतं?’

‘आता वाटतं, होतं.’

‘तरी तुमाले घेऊन गेले साऱ्या हापिसात?’

‘हो.’ मग मी तिला त्या साहेबांचंही सांगितलं. काहीही न गाळता. माझं कॅलेंडरही.

आतून वहिनी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. खाली बसल्या. ‘वसंतभाऊ, त्या दिवशी ते जेवले नव्हते. मी पुसलं, काय झालं? काईच सांगे ना. मंग म्हनाले, वसंता आज बोललाच नाही वं. मी म्हनली, रोज बोलतेत, एक दिवस नाही बोलले तं काय झालं? तं म्हने, बोलंन. एक ना एक दिवस बोलंन तो. त्याले बोलल्याबिगर राहवते का?’

मी मान वर केली नाही. वहिनींनी पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला. त्या तरी आणखी काय करणार होत्या?

नंदानंच मग कागद घेतला. साऱ्या ग्राहकांना पत्र पाठवायचं ठरलं, पहिलं त्या साहेबांना. मजकूर तिनं सांगितला, मी लिहिला. ‘आपल्याकडे व्हायरस आणणाऱ्या आमच्या फ्लॉपीवरची चुकीची पट्टी मी लावली होती. माझे भागीदार नामदेव यांचा त्यात दोष नव्हता.’ मी खाली ‘आपला जो स्नेह’ असं सुरू केलं, तर तिनं माझ्या हातातलं पेन काढून ते खोडलं. ‘बस्स,’ म्हणाली. ‘साहेबाचं तुमी सोताच्या हातानं द्या. देऊन वापस याचं. लेक्चर नाही.’

आज सकाळी गेलो. तेच ऑफिस, तीच खोली. साहेब अजून तेच, केस तेवढे पांढरे. त्यांनी मला ओळखलं, ‘या, नामवंत’ म्हणाले. बसा म्हणाले नाहीत. पत्र उघडलं, वाचलं, घडी घातली. पेपरवेटखाली ठेवलं.

मग चष्मा वर करून विचारलं, ‘बरं. पण हे नामदेव कोण?’

त्यांना आठवतच नव्हतं, नामू. जे तू त्या दिवशी घरी नेलंस, त्यातलं काहीच त्यांच्याकडे राहिलं नव्हतं.

दारात शिपाई दुसऱ्या कोणाला घेऊन उभा होता. नंदानं बजावलेलं मला आठवलं. मी ते मोडलं, तिला तू समजाव. खुर्ची ओढली, तुझी त्या दिवसाची, आणि बसलो.

‘सांगतो,’ म्हणालो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘वेळ लागेल. आणि मध्ये उठता येणार नाही.’